शैक्षणिक हरेला

घर फोडायला माणसाला काय काय लागतं याची माझी थोडीफार कल्पना होती. वकील लागतो, जमिनीचा नकाशा लागतो, निदान भावाशी पाचदहा वर्षांचं भांडण तरी लागतं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. माझ्याकडे रिंगाळाच्या बांबूची एक टोपली होती आणि तिच्यात सात धान्यं पेरलेली होती. तेवढ्यावर काम भागलं.

आमच्या मोहल्ल्याची एक समिती आहे. अल्मोड्यात प्रत्येक मोहल्ल्याची असते. ती वर्षातून एकदा रामलीलेच्या वेळी जागी होते आणि बाकीचे दिवस ख्यालीराम साहांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर चहा पीत असते. गेल्या वर्षी या समितीने मुलांसाठी हरेला हा आमचा पावसाळ्यातला पेरणीचा सण साजरा केला, म्हणजे पंचवीस मुलांच्या हातात पंचवीस रोपं दिली, एक फोटो काढला आणि रोपं तिथेच ठेवून सगळे जिलबी खायला गेले. बकऱ्यांनी उरलेला कार्यक्रम पार पाडला. यंदा बैठकीत मी एवढंच म्हणालो की, हा काही हरेला नव्हे. हरेला मुलांनी स्वतःच्या हाताने पेरला पाहिजे, रोज पाणी घातलं पाहिजे, अंधारात तो पिवळा पिवळा कसा उगवतो ते डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि इतिवृत्तात लिहिलं, 'जबाबदारी : भैरवदत्त उप्रेती.' सूचना करणाऱ्याला अशी शिक्षा फक्त आपल्याकडे होते असं माझं मत आहे.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात बडा बाबू, म्हणजे हेडक्लार्क आहे. एखादं काम अंगावर आलं की त्याची फाईल करायची, ही माझी सवय. मी फाईल केली. तेवीस मुलांची नावं, वयं, घरात अंधारा कोपरा आहे की नाही, असा तक्ता आखला. पेरणीचा दिवस रविवार ठरला, कारण मुलांना सुट्टी. जुलैतल्या कर्क संक्रांतीला हरेला कापायचा, त्याच्या आधी कुणी नऊ दिवस पेरतं, कुणी दहा, कुणी अकरा. ज्या त्या घरची रीत. रविवार धरला की अकरा दिवस होत होते. आमच्या स्वतःच्या घरचा हरेला नऊ दिवसांचा. तो गावी, सोमेश्वरच्या पुढे, आमचे दाज्यू पेरतात, म्हणजे माझे थोरले भाऊ पूर्णानंद. ते मंगळवारी पेरणार होते.

पहिला प्रश्न मातीचा आला. हरेल्याची माती स्वच्छ जागेची, वाळवलेली, चाळलेली हवी. डोंगरउतारावरच्या शहरात घरासमोर पायऱ्या असतात आणि पायऱ्यांसमोर दुसऱ्याचं छप्पर, माती कुठून आणणार? मी मुलांना घेऊन वरच्या रस्त्याकडेच्या भिंतीमागून थोडी माती काढून आणली. तेवीस मुलांची थोडी माती म्हणजे किती होते याचा हिशोब मी केला नव्हता. शुक्रवारी माझ्याच टेबलावर एक तक्रारअर्ज आला : संरक्षक भिंतीमागील माती अज्ञात इसमांनी लहान मुलांकडून उकरून नेली असून भिंतीला धोका संभवतो. अशा अर्जावर शेरा मारून तो अभियंत्यांकडे पाठवणं हे गेली सव्वीस वर्षं माझं काम आहे. मी शेरा मारला, 'गंभीर बाब. सखोल चौकशी व्हावी,' आणि सही केली. कर्तव्यात मी कधी आपपरभाव केलेला नाही.

मग धान्यं. मी गहू, जव, मका, उडीद, कुळीथ, मोहरी आणि तीळ अशी सात धान्यं सांगितली होती. साह म्हणाले पाचच असतात, सात म्हणजे उधळपट्टी. शेजारच्या खष्टी दिदी म्हणाल्या की त्यांच्या सासरी नऊ असत, आणि ज्याला सात आणि नऊ यातला फरक कळत नाही त्याने मुलांना काही शिकवू नये. खष्टी दिदी निवृत्त नर्स आहेत. अर्ध्या मोहल्ल्याला त्यांनी जन्मताना पाहिलंय, त्यामुळे कुणाची भीड ठेवत नाहीत. शेवटी माझ्या अधिकारात मी सातावर शिक्कामोर्तब केलं, आणि दिदी तेव्हापासून चार दिवस माझ्याशी बोलायच्या झाल्या तरी भिंतीकडे बघून बोलायच्या.

रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर तेवीस मुलं, तेवीस भांडी. टोपल्या म्हणून सांगितलं होतं. बिस्किटांचे डबे आले, चपलांचं खोकं आलं, एकाने आजोबांची टोपी आणली. मी सांगत होतो की आधी मातीचा थर, मग दाणे, मग पुन्हा माती. कुणाला काही कळत नव्हतं. आठ वर्षांची चारू, जी सगळ्यांच्या वतीने प्रश्न विचारते, म्हणाली, "काका, तुम्ही एक करून दाखवा ना."

यात आक्षेपार्ह काय होतं ते मला अजूनही कळलेलं नाही. मी टोपली मागवली. माझी पत्नी जयंती टोपली घेऊन आली, पण हातातून सोडेना.

ती हळूच म्हणाली, "आपल्या घरचा हरेला दाज्यू पेरतात. आपण पेरायचा नसतो."

मी म्हटलं, हा घरचा नव्हे, हा शिकवण्याचा आहे.

"मातीला काय कळतंय शिकवण्याचा?" ती म्हणाली.

हे इथे सांगायला हवं. आमच्याकडे भाऊ नोकरीपायी चार गावांत पांगले तरी जोवर घराची वाटणी झालेली नाही, तोवर हरेला एकाच ठिकाणी पेरला जातो. बाकीच्यांना त्याच्या कापलेल्या कोंबांच्या काड्या पाकिटातून येतात. दाज्यू दरवर्षी पाठवतात, मी त्या कानामागे खोचून ऑफिसला जातो. धाकट्याने आपल्या घरी वेगळा हरेला पेरला, तर त्याचा अर्थ लहान मुलालासुद्धा कळतो : भाऊ वेगळे झाले. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मोहल्ल्याच्या कामातला नमुना आणि देवापुढचा हरेला यांत फरक करण्याइतकी अक्कल जगाला असेल असं मी धरून चाललो. मी सात धान्यं पेरली, पाणी शिंपडलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि घरात अंधारा कोपरा एकच असल्यामुळे टोपली देवघरात ठेवली.

साहांनी फोटो काढला. तो त्यांनी मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'उप्रेतीज्यूंनी यंदापासून घरी हरेला पेरला, अभिनंदन.' आमच्या गावातला दुकानदार साहांचा मावसभाऊ लागतो. सोमवारी दुपारी तो फोटो दाज्यूंना त्यांच्याच अंगणात दाखवण्यात आला.

संध्याकाळी बोज्यूचा, म्हणजे माझ्या वहिनीचा फोन आला. माझ्याशी नाही, जयंतीशी बोलली. दाज्यूंनी फोटो पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला, आणि 'बरं' म्हणून गोठ्यात गेले. तेव्हापासून बोलत नाहीत. आणखी काय झालं ते विचारू नकोस, म्हणाली, मी कुणाला काही सांगायचं नाही असं त्यांनी बजावलंय. मी फोन हातात घेतला तेव्हा दाज्यू गोठ्यात होते. मंगळवारी सकाळी लावला, तेव्हाही गोठ्यात होते. आमच्याकडे एकच गाय आहे.

आता दाज्यूंविषयी. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि दाज्यू वीस. त्यांनी कॉलेज सोडलं आणि मला शिकवलं. हे त्यांनी आयुष्यात एकदाही बोलून दाखवलेलं नाही, म्हणून मला ते विसरताही आलेलं नाही. दाज्यू रागावले तर मला चाललं असतं. ते रागावत नाहीत. समोरच्याने जे ठरवलं असेल ते खरं मानतात आणि बाजूला होतात. मला भीती याची वाटत होती की ते माझं ऐकतील. न मागितलेली वाटणी ते मला देऊन टाकतील, आणि आम्ही दोघं म्हातारपणी एकमेकांचे पाहुणे होऊ.

पहिला उपाय सुचला तो टोपली काढून टाकण्याचा. मी देवघरात गेलो तर मोहरीला मोड फुटले होते. खष्टी दिदी दारात उभ्या होत्या. असल्या वेळी त्या नेमक्या येतात.

"पेरलेला हरेला उपटणार?" त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मग घरात काय काय होतं ते मी दवाखान्यात पाहिलंय."

दवाखान्यात त्यांनी काय पाहिलं ते मी विचारलं नाही. टोपली जिथे होती तिथे राहिली.

साह म्हणाले, पत्र लिहा. आमच्या ऑफिसातले वरिष्ठ लिपिक म्हणाले, पत्राला काय किंमत आहे, कोणीही काहीही लिहितं, घरच्या जमिनीचा विषय असेल तर प्रतिज्ञापत्र करा. हा सल्ला मला पटला. यावरून माझ्या मनाची काय अवस्था झाली होती ते लक्षात यावं. कचेरीसमोरच्या टपरीत एक नोटरी बसतात. त्यांनी मजकूर सांगितला : 'मी, भैरवदत्त उप्रेती, शपथेवर लिहून देतो की माझ्या राहत्या घरी पेरलेला हरेला हा शैक्षणिक स्वरूपाचा असून, त्यामुळे वडिलोपार्जित घर व शेत यांच्या अविभक्त स्थितीस कोणतीही बाधा येत नाही.' मग म्हणाले, हरेल्याचा फोटो जोडा, दोन प्रतींत. मी टोपलीचा पासपोर्ट आकाराचा फोटो काढून आणला. नोटरींनी त्यावर शिक्का मारला. सव्वीस वर्षांत मी इतका पक्का कागद केला नव्हता.

तो मी सोमेश्वरच्या जीपवाल्याच्या हाती पाठवला. दोन दिवसांनी तोच जीपवाला तो परत घेऊन आला. पाकीट फोडलं होतं, पण कागद उलगडलेला नव्हता. वरची घडी तेवढी मोकळी होती, जिथून स्टॅम्पपेपरची छापील किनार दिसत होती. सोबत निरोप होता, जीपवाल्याने तो पान चघळत सांगितला. "ते म्हणाले, कागद पाठवायची गरज नव्हती. कुठे सही करायची ते सांग, मी येऊन करतो."

मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली. घरी येऊन देवघरासमोर बसलो. जयंतीने नुसता चहा आणून ठेवला. तिने 'मी सांगितलं होतं' म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

इकडे मुलांचा हरेला आपल्या गतीने बिघडत होता. दोघांनी डबे गच्चीवर उन्हात ठेवले, त्यांचा हरेला पिवळ्याऐवजी गवतासारखा हिरवा झाला. एकाच्या घरी उंदराने सात धान्यांतून फक्त मका निवडून खाल्ला. आजोबांच्या टोपीवाल्याच्या आजोबांना टोपी परत हवी होती. एका आईने मोड आलेले पाहून ते फोडणीला टाकले, आणि चांगले लागले असा निरोप पाठवला. रोज संध्याकाळी सगळे रडत माझ्याकडे यायचे, आणि रोज मला त्यांना आमच्या देवघरातला नमुना दाखवावा लागायचा. माझी टोपली मात्र भरभरून आली होती. वीतभर उंच, दाट, पिवळीधमक, एकही दाणा वाया गेलेला नाही. हरेला जितका चांगला येईल तितकं त्या घराचं वर्ष चांगलं जातं असं म्हणतात. मोहल्ल्यातल्या बायका येऊन बघून जायच्या आणि जयंतीला म्हणायच्या, तुमचं नशीब उघडलं. मला त्या टोपलीकडे बघवत नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मातीचे शंकर-पार्वती करतात. मुलांनी गच्चीवर केले. चौदा पार्वती झाल्या आणि शंकर नऊ, कारण पार्वतीला बांगड्या काढता येतात. चारूने आपला शंकर माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं की उद्या हरेला डोक्यावर कोण ठेवणार. मी म्हटलं, मोठ्यांनी ठेवायचा असतो, मी ठेवेन.

"आणि तुमच्या डोक्यावर?" ती म्हणाली. "तुमच्याहून मोठं तुमच्या घरात कोण आहे?"

मी समितीच्या फाईलवर शेवटचा शेरा लिहिला, 'उद्याचे कार्य खष्टी दिदींकडे वर्ग करण्यात येत आहे,' आणि फाईल दिदींच्या हातात दिली. त्यांनी ती उघडलीही नाही. म्हणाल्या, "टोपली मांडीवर घे, जीपच्या टपावर टाकू नकोस."

सकाळी पहिल्या जीपमध्ये मी टोपली मांडीवर घेऊन बसलो. हरेला न कापता प्रवासाला निघालेला माणूस कुणी पाहिलेला नसावा. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, कुठल्या देवाचा नवस? मी म्हटलं, कौटुंबिक. कोसीच्या पुढे रस्त्यावर दरड आली होती. आमच्याच खात्याचा रस्ता. चौकशी केली तर कळलं, मशीन यायला दुपार होईल, कागद वरून आलेला नाही. तो कागद कुणाच्या टेबलावर असेल याचा विचार मी केला नाही. टोपलीवर छत्री धरली आणि चालायला लागलो. मी भिजलो, हरेला नाही. एका वळणावर पाय घसरला तेव्हा मी गुडघ्यावर पडलो आणि टोपली वर धरलेली राहिली. मागून येणाऱ्या दोन बायका हसल्या. त्यांच्या जागी मीही हसलो असतो. दरडीपलीकडे सोमेश्वरकडे जाणारी दुसरी जीप मिळाली.

घरी पोचलो तेव्हा सकाळ संपत आली होती. आज सगळ्या गावात तळणाचा वास होता, आमच्या अंगणात नव्हता. बोज्यू दारात आली, माझ्या चिखलाच्या गुडघ्यांकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. दाज्यू पडवीत बसले होते. धुतलेला सदरा, कपाळाला टिळा. मला बघून उठले नाहीत.

मी वाकलो, पाया पडलो. म्हटलं, "दाज्यू, तो कागद वाटणीचा नव्हता."

"मग कसला होता?"

मी सांगितलं. सांगताना त्या मजकुरातला एकेक शब्द मला ऐकू येत होता. टोपलीचा पासपोर्ट फोटो, शिक्का, दोन प्रती. दाज्यू ऐकत राहिले. बोज्यू आतून आधी खोकल्यासारखं काहीतरी करत होती, मग तिला हसू आवरेना.

"शैक्षणिक," दाज्यू म्हणाले. त्यांनी तो शब्द दोनदा मनाशी म्हटला असावा, ओठ हलले.

मी म्हटलं, मुलांना दाखवायला पेरला होता, चुकलो. तुमचा हरेला कापून झाला असेल तर ही टोपली तुमच्याच्या शेजारी ठेवतो, काय करायचं ते तुम्ही सांगा. आणि आत गेलो.

देवघर सारवलेलं होतं. गेरूने रेघा काढलेल्या होत्या. मातीचे शंकर-पार्वती होते, दिवा होता. त्यांच्यापुढे जिथे दरवर्षी टोपली असते तिथे काही नव्हतं. चाळलेली माती कोपऱ्यात कापडावर तशीच ढीग करून ठेवलेली होती, आणि शेजारी सात धान्यांच्या सात पुड्या, दोरा न सोडलेल्या.

दाज्यू मागे येऊन उभे राहिले होते.

"तुम्ही पेरला नाहीत?"

"तू पेरलास ना," ते म्हणाले. "सोमवारीच कळलं. मग मी कसा पेरणार? एका घरात दोन असतात का?"

नऊ दिवस हा माणूस रिकाम्या जागेपुढे दिवा लावून बसला होता. मी वेगळा झालो असं समजूनसुद्धा, सही करायला तयार असूनसुद्धा, आपल्या बाजूने त्याने वाटणी होऊ दिली नव्हती. आणि मी त्याला दोन प्रतींत शपथ पाठवली होती. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. चोपन्न वर्षांचा बडा बाबू, गुडघ्याला चिखल. लाज वाटली नाही.

दाज्यूंनी माझ्या हातून टोपली घेतली, देवापुढे ठेवली, विळा मागवला. हरेला कापला, आधी देवाला वाहिला. मग म्हणाले, बस नीट. मी नीट बसलो. त्यांनी चिमूटभर काड्या घेतल्या, माझ्या पावलांना लावल्या, गुडघ्यांना, खांद्यांना, मग डोक्यावर ठेवल्या, आणि तो आशीर्वाद म्हटला जो ते मी अकरा वर्षांचा असल्यापासून म्हणतायत. स्वयंपाकघरात कढईत तेल पडल्याचा आवाज आला.

दाज्यूंनी उरलेल्या टोपलीत बोट घालून माती दाबून पाहिली.

"पाणी जास्त घातलंस," ते म्हणाले.

तेवीस मुलांना पाणी किती घालायचं हे शिकवणारा माणूस मी. म्हटलं, "हो, दाज्यू."